आत येतानाच वाजलेलं दार

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार (लांबूनच; सुरक्षा अधिकाऱ्यांनी तसं बजावलं आहे). आम्ही सगळे मजेत. तुमची तब्येत कशी आहे हे आधी विचारायची रीत आहे, पण तिकडे शेवटी वळतो.

तुमचे बूट आणि स्वेटर अजून आमच्या ताब्यात आहेत, रागावू नका. पाहुण्याला बघून त्या दारानं बोंब ठोकायची आमच्या अणुवीज केंद्राच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ. खरं तर ते बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे: आतून कुणी अंगाला किरणोत्सारी कण चिकटवून निघाला तर वाजतं. तुम्ही घरून येऊनच वाजवलंत! नियमपुस्तकात याला कलमच नाही, त्यामुळे तुम्हाला आत घेता येईना की घरी सोडता येईना, आणि ज्या माणसानं उमेदीत या केंद्राच्या घुमटाचं काँक्रीट ओतलं, तो फाटकावरच्या खुर्चीत अनवाणी बसून राहिला. कवळीसुद्धा ताटलीत ठेवून तपासली. ती गप्प होती. तुम्ही मात्र वाजतच होतात आणि वर पहारेकऱ्याला ऐकवत होतात, "अहो, एवढा बाऊ कशाला? शेवटी पाणीच उकळता ना तुम्ही?" (हे खरं आहे. अणू फोडायचा, त्या उष्णतेनं पाण्याची वाफ करायची, वाफेनं चक्र फिरवून वीज काढायची. चहापुरतं हेच काम मामीही करते, फक्त तिला काटेरी कुंपण लागत नाही.) साहेबांना वाटलं, कुठेतरी गळती झाली. त्यांनी आधी सगळं केंद्र तपासलं, मग मला.

तुम्ही घुमट न बघताच परत गेलात, याचं मला फार वाईट वाटलं.

तुमचा भाचा

ता.क. बूट आणि स्वेटर निर्दोष सुटले. यंत्रानं तुमच्या अंगातल्या पदार्थाची जातही ओळखली. तो आमच्या भट्टीतला नाही. इस्पितळात हृदयाची तपासणी करताना तो शिरेतून देतात. आदल्या दिवशी तुम्ही मामीला "जुन्या मित्राकडे जातो" म्हणाला होतात.

दुसरा ता.क. मामीला मी काही बोललेलो नाही, ते तुम्हीच सांगायचं. पत्र म्हणूनच तुमच्या पत्त्यांच्या क्लबवर धाडलं आहे.

शेवटचा ता.क. रजा मागितली. कारण विचारल्यावर "मामा" एवढंच म्हणालो; साहेबांनी लगेच सही केली. डॉक्टरांनी पुढची कोणती तारीख दिली आहे तेवढं कळवा, बूट घेऊन मी येतोच. घुमट नंतर सावकाश बघू. तो कुठे जात नाही, काँक्रीट तुमचं आहे.