गाडी उभी राहण्याआधी

आबा,

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. घाटात आता विजेची इंजिनं चालतात, धुराचा वास गेला. रूळ दुभंगतात तो आपला फाटा मात्र तिथंच आहे आणि मी आता नव्या सांधेवाल्यांना शिकवतो. लोणावळ्याला स्टेशनामागच्या खोलीत आठ-दहा गडी चटईवर बसतात, मी फळ्यावर दोन रेघा काढतो. एक खाली मुंबईकडे जाणारी, दुसरी चढावर जाऊन वाळूत संपणारी. रूळ बदलणारे सांधे कायम चढाकडे लावलेले ठेवायचे. उतारावरची गाडी थांब्याच्या पाटीपाशी पूर्ण उभी राहिली की मगच दांडा ओढून तिला खालचा रस्ता द्यायचा. बेफाम सुटलेली असेल तर ती आपसूक चढावर जाऊन वाळूत रुतेल. एवढं साधं आहे.

तुम्ही पंचवीस वर्षं तो दांडा ओढलात. चाक उभं राहिलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तुमचा हात त्याला लागला नाही, मग ड्रायव्हर शिव्या घालो नाहीतर साहेब. घरीही तुमचं तेच. आईवर राग आला की तुम्ही आधी हातातला तांब्या खाली ठेवायचात, चुलीपाशी टेकायचात आणि मग बोलायचात. तोवर अर्धा राग निवलेला असायचा. मी भावकीत कुणाला उलटून बोललो की तुमचा प्रश्न ठरलेला, "चाक थांबलं व्हतं का तुजं?" मला त्या प्रश्नाची चीड यायची. माणूस काय मालगाडी आहे, असं मी एकदा आईपाशी कुरकुरलो, तर तुम्ही ओट्यावरून हसलात. "करम करम म्हंत्यात ते कपाळावर न्हाई लिवल्यालं. रोज हात जे करतोय ना, त्येच." मी तेव्हा जेवत होतो. मान वर करून तुमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तुम्ही निवृत्त झालात आणि ती जागा मला मिळाली. मालगाडीवर लोणावळ्याच्या बाजारातले एक मुसलमान ड्रायव्हर होते, त्यांना मी चाचा म्हणायचो. गाडी पुरती उभी केली की ब्रेक सोडून पुन्हा निघेपर्यंत वेळ जायचा आणि उशिराबद्दल खाली बोलणी त्यांनाच बसायची. एकदा घाई होती म्हणून गाडी सरकत असतानाच मी त्यांना रस्ता दिला. काही बिघडलं नाही. मग आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग रोज. त्यांची शिट्टी मी झोपेतही ओळखली असती. शिट्टी आली की हात दांड्यावर जायचा, चाक बघायचं मला आठवायचंही नाही. इंजिनातून ते हात हलवायचे, "भाई, तुझ्या सांध्यावर कधी खोळंबा नाही बघ." मला फार बरं वाटायचं. आपण चांगला माणूस आहोत असं वाटायचं.

श्रावणातली ती दुपार. घाट धुक्यात बुडालेला, दहा हातांपलीकडचं दिसत नाही. तुम्ही डोक्यावर इरलं घेऊन माझी भाकरी घेऊन आलेले. शिट्टी येते. ओळखीचीच. मी दांडा ओढतो. आणि तुम्ही ओरडता, "आरं, थांबत न्हाई ती! आवाज ऐक!" मला काहीच ऐकू येत नाही, माझे कान शिट्टीवरच खूश आहेत. तुम्ही खांद्याने मला ढकलता, मी चिखलात पडतो, दांडा तुमच्या हातात जातो आणि खटकन मागे बसतो. पाठोपाठ इंजिन धुक्यातून बाहेर येतं, ओल्या रुळांवर घसरत, आणि चढाकडे वळतं. शेवटचा डबाही वळतो. ती वाळूत रुतून थांबली. कोळसेवाल्याचा हात मोडला, जीव कुणाचाच गेला नाही. तुम्ही तिथंच खाली बसलात.

"रोज देत व्हतास?" तुम्ही विचारलंत.

"व्हय."

"त्येला थांबायची गरजच तू ठिवली न्हाईस. त्यो उभा राहायचं इसरला ते तुज्यामुळं. सायबाला सांग."

"नोकरी जाईल आबा."

"जाईल."

"तुमीच सांगा मग."

"म्या न्हाई सांगनार. ते तुज्या तोंडचं हाय."

चौकशीच्या दिवशी तुम्ही बाहेर बाकावर बसून होता. घरी तुमच्या सुनेला सातवा महिना लागलेला. आत चाचा साहेबाला सांगत होते, "साहेब, हा मला रोज आधीच रस्ता देतो. त्याच भरवशावर आलो." साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही साहेब. कधीच नाही." सांधे चढाकडेच होते, हे सगळ्यांनी पाहिलेलं. साहेबाने माझी पाठ थोपटली. चाचा माझ्याकडे बघत राहिले, रागाने नाही, समजत नसल्यासारखे. त्यांची नोकरी गेली. मी बाहेर आलो तेव्हा तुम्ही काहीच विचारलं नाहीत. घरापर्यंत तुम्ही पुढे आणि मी मागे.

त्यानंतर तुम्ही मला तो चाकाचा प्रश्न पुन्हा कधी केला नाहीत. मी बायकोवर ओरडायचो, पोरावर हात उचलायचो, आणि तुमच्याकडे बघायचो. विचारा, आबा, एकदा विचारा, असं मनात म्हणायचो. तुम्ही तांब्या उचलून बाहेर जायचात. चाचा भावाच्या किराणा दुकानात बसू लागले, आणि तुम्ही दर बाजारच्या दिवशी त्या दुकानाच्या फळीवर जाऊन बसायचात. तुम्ही त्यांना खरं काय ते सांगितलंत का, हे मला आजही ठाऊक नाही. मी दुसऱ्या गल्लीने जायचो. चार वर्षांनी तुम्ही गेलात तेव्हा खांदा द्यायला चाचा आले होते. माझ्याशी बोलले नाहीत.

नव्या गड्यांना मी ही हकीकत दर खेपेला सांगतो. त्याशिवाय त्यांच्या अंगात भीती शिरत नाही. सुरुवातीला मी म्हणायचो, एक सांधेवाला होता. मग कुणीतरी नाव विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, माझे वडील. तेव्हापासून हकीकतीत शिट्टी ऐकून दांडा ओढणारे तुम्ही असता, आणि भाकरी घेऊन आलेला, ओरडणारा, दांडा फिरवणारा मी असतो. आता ते इतकं सराईतपणे येतं की मध्ये अडखळतही नाही.

आज परंदवडीच्या एका गड्याने विचारलं, "मास्तर, मग तुमच्या वडलांनी सायबाला खरं सांगितलं का वो?"

मी म्हणालो, "हो. आपण होऊन सांगितलं. नोकरी गेली त्यांची."

त्या गड्याने तुमच्यासाठी हात जोडले. उद्या नवी तुकडी येणार आहे, आणि मी त्यांनाही हेच सांगणार आहे.