कापराच्या डबीमागचा पंप

आई,

तुम्ही भजनाहून याल तेव्हा मी घरी नसेन. प्रवीण रम्याला घेऊन प्राण्यांच्या पार्कात तंबूत झोपायला गेलाय, तिकडेच निघालेय. दिवा लावायला गेले, तर देव्हाऱ्यात कापराच्या डबीमागे रम्याचा दम्याचा पंप! सकाळी मी तो स्वतः तिच्या बॅगेत घातला होता. तुमची दम्यावरची ओव्याची पुरचुंडी मात्र घरात कुठे दिसत नाही.

पंपाची सवय लागते, हे तुमचं म्हणणं मी ऐकत आलेय. पण आज पोरीला गवतावर निजायचंय, गारठा आहे, आणि जनावरं बुजतात म्हणून तिथे फोन गेटवरच काढून घेतात. पार्कच्या ऑफिसचा नंबर मघापासून लावतेय, कुणी उचलत नाही. आठनंतर गेट उघडत नाहीत. नागराजअण्णांची ऑटो खाली उभी आहे. हेब्बाळचा ट्रॅफिक सुटला तर पोचेन.

भात कुकरमध्ये आहे, सार गरम करून घ्या. तुमची बीपीची गोळी ताटाशेजारी काढून ठेवलीय. दिवा लावायचा राहिलाय, तेवढा लावा.

रम्या ठीक असली तर प्रवीणला सांगेन, पंप बॅगेत भरायला मीच विसरले. नसली, तर मला खोटं बोलता यायचं नाही.

हेमावती