दांड्याचं वजन

रावेर, मंगळवार, १२ जानेवारी १९८८

आबांना काय म्हणावं? सासरे आहेत म्हणून गप्प बसायचं, एवढंच.

मनी पाच वर्षांची झाली, पण अंगावर मूठभर मांस नाही. डॉक्टर म्हणाले, वजन बघत जा. हे मी आबांच्या कानावर घातलं, तीच चूक. आज मळ्यात व्यापारी केळीचे घड तोलायला आला, तर आबांनी मनीला पोत्यात बसवून काट्याच्या आकड्यालाच टांगलं.

पोरीनं भेदरून पोत्याची कड घट्ट धरली. मी चहा घेऊन उभी. व्यापारी काटा बघून म्हणाला, "आबा, दांडा वजा करू का?" घडाच्या वजनातून दांड्याचं कापतात, तसं. आबा म्हणाले, "दांडा कापला तर हिच्यात उरेल काय?" मजूर हसले. मनीचे बाबाही हसले. स्वतःच्या लेकीला! ते कप तिथंच आपटावेत असं... नाही आपटले. साखर बरोबर आहे ना, एवढं विचारलं.

संध्याकाळी मनीनं मुकाट्यानं दीड भाकरी खाल्ली. दीड! रोज चतकोरासाठी मी तिच्यामागे घरभर फिरते. आबा खूश. "पाह्यलं? डॉक्टर कशाले पाहिजे?"

तोंड धुताना तिनं हळूच विचारलं, "आई, माझ्यातला दांडा गेला का गं?"

जवळ घ्यायला हवं होतं तिला. पण ती दीड भाकरी डोळ्यांपुढून हलेना.

"अजून नाही," मी म्हटलं. "उद्याही एवढंच खा."