डाव्या सडाची हकिगत

आदरणीय विहीणबाई,

तुम्हांला वाकून नमस्कार. वाकता येत नाही, तेव्हा वाकले असं समजून घ्या. व्याह्यांचा खोकला आणि तुमच्या नळाचं गळणं, दोन्ही आता थांबलं असेल अशी आशा करते. आमच्याकडे सगळे ठीक आहेत, शेळी आणि मी सोडून. पत्र मी सांगते आहे, लिहिते आहे तुमची लेक. मला अक्षर येत नाही, तेव्हा ती मी सांगितलेलंच लिहिते की भलतंच काही, हे वाचून तुम्हीच ठरवा. (सांगतात तसंच लिहिते आहे गं आई.)

तर आमची शेळी. घरात सगळे तिला बाईसाहेब म्हणतात, कारण तिला कुणाचंच पटत नाही. व्याली त्याला दीड महिना झाला. गेल्या आठवड्यात सकाळी बघते तर कासेची डावी बाजू दगडासारखी घट्ट आणि हात ठेववणार नाही इतकी गरम. त्या सडातून दूध आलं ते पाण्यासारखं, आत दह्यासारख्या गाठी. चुलीवर ठेवलं तर फाटलं. मी म्हटलं, हा हाताचा दोष. आणि दोषी हात शोधायला मला कधी उंबऱ्याबाहेर जावं लागत नाही (लिही गं, थांबलीस का?), तुमच्या लेकीनं गेल्या महिन्यात दोनदा धार काढली होती. तुमच्याकडे पिशवीतलं दूध येतं, तिला सड धरायचा कसा हे ठाऊक कुठून असणार? दाराची घंटा वाजवावी तशी ओढते. हे मी चार घरांत सांगून आले. पाचव्या घरापर्यंत पाय चालले नाहीत म्हणून ते राहिलं.

मग गुरांचा डॉक्टर आला. काळं भांडं मागितलं. मी तवा दिला. पहिल्या दोन धारा त्याच्यावर काढल्या, तर काळ्यावर पांढऱ्या गाठी मोजून घ्याव्यात अशा दिसल्या. म्हणाला, कासदाह आहे. धार पुरती निघत नाही, दूध आत राहतं, त्यानं हे वाढलंय. धार काढतं कोण? मी तुमच्या लेकीकडे पाहिलं. तिनं जमिनीकडे पाहिलं. त्या शहाण्यानं गळ्यातली रबरी नळी माझ्यापुढे केली, म्हणाला, "आजी, दाबा बरं." मी दाबली. तो म्हणतो, "हं, दाबा ना." विहीणबाई, चाळीस वर्षं बादली वाजवली या हातानं! मग तुमच्या लेकीनं दाबली, तर नळी ओरडायचीच बाकी राहिली. म्हणाला, "आजी, तुमच्या अंगठ्यात जोर उरला नाही." त्या दोन वेळा सोडल्या तर महिनाभर रोज धार मीच काढत होते, हे वर सांगायचं राहून गेलं.

आता सुया चालू आहेत. औषधाचं दूध ओतून टाकायचं, आणि दिवसातून पाच वेळा ती बाजू पार रिकामी करायची. अजून पंधरा दिवस हे नीट झालं तर सड वाचेल, नाहीतर कायमचा आटेल. आणि एका बाजूची शेळी मी घरात ठेवणार नाही, असं मुलानं आताच जाहीर केलंय. एका बाजूच्या म्हातारीचं काय करणार ते बोलला नाही.

त्यात बाईसाहेब माझ्या हाताला लागलेल्या. तुमची लेक बसली की पान्हा चोरतात, वर लाथ. शेवटी तुमच्या लेकीच्या अंगावर माझी शाल घातली आणि मी शेळीच्या तोंडाशी बसून रोजच्यासारखी बोलणी ऐकवू लागले, तेव्हा कुठे पान्हा सुटला. तोंड माझं, हात तुमच्या लेकीचे. हे पत्रही तसंच चाललंय. पण पाच वेळा नवीन बोलणी आणायची कुठून? शेळीचं संपलं, सुनेचं संपलं, मुलाचं संपलं, काल व्याह्यांवर आले. थकले हो. मात्र गाठी कमी झाल्यात. डावी बाजू दाबली तर आता दबते. चार घरांत जाऊन माझे शब्द परत घेतले. पाचव्या घरीही गेले; तिथं कुणाला काही माहीतच नव्हतं, म्हणून आधी सगळं सांगावं लागलं, मग परत घेतलं.

धारेची वेळ झाली. थांबते. लहानांना आशीर्वाद, मोठं आता माझ्याहून कुणी उरलं नाही.

तुमची विहीण

ता. क. शुक्रवारी तुमची लेक महिनाभरासाठी तुमच्याकडे यायची आहे. तिला बोलावू नका. घरात रंगकाम काढलंय असं कळवा. हे मी सुचवलं म्हणून तिला सांगू नका, बिचारीला वाईट वाटेल.

ता. क. (आई, हे माझ्या मनानं लिहिते आहे, त्या पुढे शेळीपाशी गेल्यात. रंगकामाचं काही कळवू नकोस. मी शुक्रवारी ठरल्याप्रमाणे येते. टेम्पोवाल्याशी बोलले आहे, शेळी बरोबर आणते. आणि पान्हा सुटायला त्यांनाही आणावंच लागेल. मागचं अंगण आणि एक खोली मोकळी कर. बाबांना आधीच सांगून ठेव, त्यांच्याबद्दल जे काही कानावर येईल ते शेळीसाठी असेल.)