लाल ठिपक्याचा सर्व्हो

ठाकुर्ली,
गुरुवार

प्रिय प्रीतमभाऊजी,

तुमचा मेसेज वाचला. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण पंढरी गेल्यापासून माझ्याकडे वेळच वेळ आहे. नवरा नसलेल्या घरात दुपार लवकर सरत नाही.

दहाव्याचं उरकून आम्ही घरी आलो, तर तुम्ही आमच्या आधी दारात, हातात पिशवी. पंढरीचं हे भंगार नजरेसमोर राहिलं तर वहिनींना त्रास होईल, मी घेऊन जातो म्हणालात. किती ती काळजी! त्याच्या रिमोटवर उडणाऱ्या विमानांचे सांगाडे माळ्यावरच राहिले. पिशवीत गेला तो फक्त चार सर्व्होंचा डबा. विमानाचे पंख नि शेपटी हलवणाऱ्या काडेपेटीएवढ्या त्या मोटरी. भंगारच की!

ते भंगार मी निवडलेलं होतं. तुम्ही दोघं खोक्यावरचे आकडे वाचून कुठला किती किलो ओढतो यावर भांडायचात. मी प्रत्येक सर्व्होची दांडी बोटाने हळूच हलवून बघायचे. आतल्या चाकांचे दाते ढिले असले की बोटाला कळतं. नुसता जोर काय कामाचा? नेला तिथे थांबायला नको? पंढरीला म्हटलं होतं, मित्रही असेच पारखून घे. ऐकतोय कुठला!

त्याचा फोन अजून चालू आहे, बरं का. तुमच्या विमानवाल्यांच्या ग्रुपवरून त्याला कुणी काढलेलं नाही, त्यामुळे मला सगळं दिसतं. नव्या विमानाचे फोटो छान आलेत. सर्व्हो परदेशातून मागवले असं लिहिलंत, ते वाचून आधी हसू आलं, मग अशी चीड आली की हातातला कप आपटला. जुने दिसू नयेत म्हणून थिनरने पुसलेतही. दोन वर्षं खपून बांधलेलं विमान रविवारी शहाडच्या मैदानावर सगळ्यांसमोर पहिल्यांदा उडणार, म्हणजे थाट हवाच.

आता तुमचा प्रश्न. पुसण्याआधी एकावर लाल ठिपका होता, तोच सगळ्यांत भारी का, आणि शेपटीला लावायला आता ओळखायचा कसा? भाऊजी, तो ठिपका माझ्या नेलपॉलिशचा. पंढरीचं शेवटचं विमान ज्याने पाडलं, तो हा सर्व्हो. त्याचा दाता तडकलाय. जमिनीवर गुणी बाळासारखा चालतो, वर सूर मारला की सुटतो. पंढरीला टाकवत नव्हता, म्हणून मी खूण केली होती. उघडून बघाल तर तडा डोळ्याला दिसायचा नाही. नवे मागवाल तर रविवारपर्यंत येणार नाहीत.

रविवारी मी येतेय. सावलीत एक खुर्ची ठेवा. विमान माझ्यासमोर आणा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, की हे सर्व्हो पंढरीचे, त्याच्या दहाव्याला त्याच्या बायकोकडून भंगार म्हणून उचलून आणले. मी लगेच बोट लावून सांगते कुठला तो. नाहीतर खुशाल उडवा. मी वर बघत बसेन.

तुमचीच,
वैशालीवहिनी