भाऊजींचा पेट स्कॅन

२ फेब्रु., सोमवार
दवाखान्यात स्कॅनचा कागद भरला. पेशंटशी नातं विचारलं. भावजय लिहिलं. काउंटरवरची पोरगी म्हने, यांच्या मिसेस कुठंयत? मी म्हनले, एकसष्ट वर्षं झाली, शोधतोय.
भाऊजी हसले. केस गेले, भुवया गेल्या, हसले तरी आता कळत नाय.
एका अंडाची गाठ काढून सा महिने झाले. तिथला असला कॅन्सर लय कमी जनांना होतो म्हने डॉक्टरीनबाई. म्हनले, भाऊजी, वापरलं नाय म्हनून गंजलं. किमो संपले. उद्या स्कॅन झाला की कळंल गेलं का ऱ्हायलं.
गावात हर्निया सांगितलाय.

३ फेब्रु., मंगळवार
उपाशी यायला सांगितलं होतं. निघताना भाऊजींच्या हातावर दही-साखर ठेवली. विधवेनं ठेवू नये म्हनतात. घरात दुसरं कोन हाय.
तिथल्या मानसानं विचारलं, काय खाल्लं? भाऊजी म्हने, "काय नाय. नुस्ती दही-साखर."
त्यानं सुई बाजूला ठेवली. त्या सुईत साखरच असती. आजार ती खातो नि फोटोत चमकतो. आधीच साखर खाल्ली तर नीट दिसत नाय. आता शुक्रवारी.
येताना सातपूरला कारखान्यांची शिफ्ट सुटलेली, बस हलंना. माझ्या दही-साखरेनं दिवस फुकट गेला. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. काय वाटलंच नाय.

६ फेब्रु., शुक्रवार
झाला स्कॅन. सुई देऊन तासभर एकटं झोपवलं. सुईतली किरणं अंगात असतात, संध्याकाळपर्यंत लेकरांच्या, पोटुश्या बायांच्या जवळ जायचं नाय. भाऊजी रिक्षात माझ्यापासूनबी लांब सरकले. मी म्हनले, माझं वय झालंय, बसा नीट.

७ फेब्रु., शनिवार
डॉक्टरीनबाईनं फोटो दाखवला. मेंदू पेटलेला, लघवीची पिशवी पेटलेली. ते सगळ्यांचंच पेटतं. म्हनले, भाऊजींचा मेंदू चालतो, आज कळलं. बाई हसली.
मग मानेत ठिपका दाखवला. हरभऱ्याएवढा. मागच्या फोटोत नव्हता. सूज असंल, नायतर तेच असंल. सुई घालून तुकडा काढून बघायचा, नायतर दोन महिने थांबून परत स्कॅन. घरी बोलून ठरवा म्हने.
भाऊजी म्हने, "वहिनी सांगतील ते."
हे गेले त्या दुखण्यातबी मीच सांगितलं होतं. थांबू म्हनले होते.

८ फेब्रु.
जेवन केलं. धुनं केलं.

१० फेब्रु., मंगळवार
शेवंती तोडली, दोन क्रेट. भाऊजींना ऊन नको म्हनून ओट्यावर बसवलं. सारखा हात मानेला. मी बघितलं की खाली.
दुपारी दवाखान्यातनं फोन. काय ठरलं? म्हनले, भाऊजी फुलं घेऊन बाजारात गेलेत, आल्यावर विचारून सांगते.
भाऊजी समोरच बसले होते. ऐकलं त्यांनी. मी बघितलं तरी हात मानेवरनं खाली घेतला नाय.