घरातून गेलेली

ताई, पोटावर पालथा पडून, एका हातात भिंग आणि दुसऱ्यात पेन धरून लिहितो आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. नमस्कार या स्थितीत जमला तेवढा मानून घे. भावजींचा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही गेले.

मागच्या भिंतीपलीकडे उतारावर पांढऱ्या फुलांची सतरंजी पसरली आहे. अप्पांनी ती दुर्मिळ रानवनस्पती म्हणून जाहीर केली. घरातल्या घरात असतं तर चाललं असतं (गळक्या नळालाही ते झराच म्हणतात), पण त्यांनी वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलावलं. ते उद्या सकाळी येणार. चारचौघांत अप्पांचं हसं होऊ नये म्हणून तिची आधी ओळख पटवणं माझ्या गळ्यात आलं.

वनस्पती ओळखायचं पुस्तक विचारतं, पाकळ्या किती? मी मोजल्या दहा. भिंतीवरून आवाज आला, "पाच आहेत रे. प्रत्येक पाकळी टोकाशी चिरलेली आहे." "अप्पा, मोजतोय कोण?" "तेच म्हणतोय मी." पाचच निघाल्या. पानांवर करडी लव. नाव सापडलं: सेरास्टियम टोमेंटोसम (अप्पांना सांगितलं तर जेवणाआधी घ्यायचं की नंतर, विचारतील). खाली एकच ओळ: बागेतली, सुटून रानात पसरलेली.

मग देठ धरून मागे मागे सरकत गेलो. टेकेल तिथे मूळ धरत ती भिंतीच्या फटीतून आत, थेट तुझ्या जुन्या वाफ्यात. लग्नाच्या गडबडीत तू कुंडी उपडी केलीस, तिथे. म्हणजे रान वगैरे काही नाही, तुझाच पसारा. (खोलीतला मी अजून आवरतो आहे.)

अप्पांना सांगायला गेलो, तर ते पाहुण्यांसाठी खुर्ची पुसत होते. तसाच परत आलो.

तुझा,
भाऊ

ता. क. उद्या त्यांचं तोंड उतरेल आणि ते मला बघवणार नाही. तू चार दिवस ये. वाफा बघायला येते म्हण. त्यांच्यासाठी म्हणालीस तर नको म्हणतील.

आणखी एक ता. क. (सकाळी, पाकीट चिकटवायचं राहिलं होतं.) प्राध्यापक आले, वाकले, म्हणाले, "ही इथली नाही. बाहेरून आलेली." अप्पा म्हणाले, "छे, घरातून गेलेली. माझ्या मुलीची आहे." म्हणजे पहिल्यापासून ठाऊक होतं! मग त्यांना खुर्चीत बसवून तुझ्याबद्दल सांगत बसले. वनस्पतीचा विषय पुन्हा निघाला नाही. चहा मी केला.